चंपाराणीच्या जागी नारळ

१

कापड उलगडलं आणि आतून नारळ निघाला.

चांगला सोललेला, शेंडी राखलेला, टपोरा नारळ. पेटाऱ्यापुढे मांडी घालून बसलेल्या दीपिकाचे हात जिथल्या तिथे थांबले. त्या मऊ, जुन्या लाल कापडात चंपाराणी असायला हवी होती. तिच्या जागी कुणीतरी हा नारळ तान्ह्या बाळासारखा गुंडाळून ठेवला होता.

"बाहुली कुठाय?" गुरुप्रसाद सरांनी विचारलं.

शर्मिष्ठा दारात उभी होती, कडेवर दोन वर्षांची लेक अवनी. मुलांशी बोलणं, त्यांच्या मनातलं हळूहळू बाहेर काढणं, हे तिचं इथलं काम. मूळची ती जामसंड्याची, पण गेली चार वर्षं 'पडवी'त रुळली होती. सरांनी आपल्या घराच्या पडवीत चार पोरकी मुलं आणून जेवायला बसवली, तिथून ही संस्था सुरू झाली. आता आचऱ्यातच वेगळी कौलारू इमारत आहे, तरी नाव तेच राहिलं. इथल्या कुणाला आईबाप नाहीत, कुणाला आहेत पण हाताशी नाहीत.

आणि चंपाराणी? ती पिंगुळीच्या विश्रामआजोबांची. दोऱ्यांवर नाचणारी, हातभर उंच लाकडी बाहुली, त्यांच्या पणजोबांनी कोरलेली. पावसाळ्यापासून ती आणि तिच्या सोबतिणी पडवीतल्या मुलांना शिकवायला इथे राहिल्या होत्या. आज संध्याकाळच्या एसटीने आजोबा येणार, मुलांचा खेळ बघणार आणि उद्या बाहुल्यांसोबत दीपिकालाही पिंगुळीला नेणार, असं ठरलं होतं. दीपिकाला अठरा पूर्ण झाली होती. नियमाप्रमाणे तिला आता पडवी सोडावी लागणार होती. अशा मुलीला आजोबांनी आपल्या घरी ठेवून घेऊन कला शिकवायचं कबूल केलं होतं, ते एकाच गोष्टीवर. "पोरीच्या हातात माजी रास सुरक्षित आसा," ते म्हणाले होते. रास म्हणजे त्यांचा सगळा बाहुल्यांचा पेटारा.

त्या राशीतली राणीच गेली होती.

"कुलूप?" सर म्हणाले.

"होतं. आत्ता मीच उघडलं."

"किल्ली?"

दीपिकाने गळ्यातला दोरा दाखवला.

सर चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. "गेले तीन दिवस तर गावात कुणी नव्हतंच."

नव्हतंच. आज सकाळीच गावपळण संपली होती. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं आचरा गाव वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, जिवंत असं काही मागे ठेवायचं नाही. सगळे शिवेपलीकडे झोपड्या घालून राहतात, आणि खरं सांगायचं तर मजा करतात.

पडवीने काजूच्या बागेत मुक्काम ठोकला होता. सरांनी त्यासाठी 'एक मूल, एक जीव' अशी योजना काढली होती. प्रत्येक मुलाकडे एकेक जीव सोपवलेला. आज परत येताना वेशीवर उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात एकेक जोडी आत घेतली होती. "विनीत आणि मोती, या आत. शर्मिला आणि भुरी मांजर, या." मुलं आपापला जीव छातीशी धरून ऐटीत वेस ओलांडत होती. शेवटी सामान आलं, सामानासोबत स्वयंपाकाची सुशीलामावशी आली, आणि मावशीच्या पदराला धरून सात वर्षांची नवी मुलगी, रिया, रिकाम्या हातांनी आली.

बागेतून निघताना अवनीने मात्र फार त्रास दिला होता. काजूखाली कोंबडीची एक टोपली उपडी पडली होती, वर दगड. तिच्याकडे हात करून ती "जोजो, जोजो" म्हणत रडत होती. कुणाची कोंबडी राहिली वाटतं, असं शर्मिष्ठाच्या मनात आलं होतं, तेवढ्यात मावशीने हाक मारली. "रिकामीच ती. त्या टोपलेतली कोंबडी परवाच गेली तुमच्या पोटात. चला आता."

"शर्मिष्ठा," सरांच्या आवाजाने ती भानावर आली. "संध्याकाळपर्यंत छडा लागला पाहिजे. आणि एक सांगून ठेवतो. ज्याने हे केलं असेल, त्याला या घरात जागा नाही. मग तो कुणीही असो."

दाराबाहेर काहीतरी खणकन पडलं. शर्मिष्ठा वळली, तेव्हा फरशीवर एक वाटी गरगर फिरत होती आणि पडदा हलत होता. तिथे जे कोण होतं, ते पळालं होतं.

२

स्वयंपाकघरात सुशीलामावशी कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं की आणखी कशाचं, कळायला मार्ग नव्हता.

"मावशी, चंपाराणीचं ऐकलंत?"

"ऐकलंय. माका कित्या इचारतास? माज्या नारळांतलो येक कमी आसा, ता कोण इचारीत नाय."

शर्मिष्ठाने अवनीला खाली ठेवलं. "कधीपासून कमी आहे?"

"गाव सोडूच्या सकाळी. शेंडी राखून नारळ सोललेले, देवाक ठेवूक. पाणी आणूक गेलंय, तेवढ्यात येक कोणी उचलल्यान. टेम्पोवाल्या सत्यवानाक म्हटलंय, मेल्या, नारळ खंय लपवलं? तर दात काढून हसता."

"गाव सोडायच्या सकाळी. म्हणजे पेटाऱ्याला कुलूप लागायच्या आधी."

"मगे काय, गाव रिकामो झाल्यार भुतां येतली सोलूक?"

शर्मिष्ठा हसली, पण डोक्यात एक गाठ सुटली होती. बाहुल्यांची बोचकी सकाळी भरली गेली आणि कुलूप निघताना लागलं. दीपिकाने कुलूप लावताना बोचकी उघडून बघितली नसणार. कुलूप फोडायची कुणाला गरजच नव्हती. रिकाम्या गावाचा या चोरीशी काहीच संबंध नव्हता. गाव भरलेलं असतानाच चंपाराणी बाहेर पडली होती.

"आणि त्या मांजरांका काय ता समजावा," मावशीचं सुरूच होतं. "काजूत रोज सकाळी मी पेज करी, आणि रोज येक करवंटी भरलेली गायब. मांजरा माजली ती."

"मांजरं तर झाकणाच्या टोपलीत होती, मावशी. सरांचा हुकूम होता."

मावशीची सुरी थांबली. "ता पण खरा. मगे कोण उपाशी होता?"

अवनी कांद्याची सालं गोळा करून टोपात टाकत होती. मावशीने ती सालं पुन्हा बाहेर काढली आणि एकदम म्हणाली, "खरा सांगू? ती भावली माज्या डोळ्यांत सलता. ती इली म्हणान माजा चेडू दीपिका पिंगुळीक चल्ला. लहान होता तेव्हापासून माज्या कुशीत निजलेला चेडू ता."

"म्हणून तुम्ही..."

"माका चोरूचाच असता तर मी दीपिकेक चोरलंय असतंय. भावलेक कित्या चोरू?"

पुरावा बिनतोड होता. शर्मिष्ठा अवनीला उचलून निघाली, तशी मावशीने मागून आवाज दिला, एकदम दबका.

"ताये, सत्यवानाक मात्र इचार. दुसऱ्या दिसा तिनसांजेक तो वेस वलांडून गावात गेल्लो. माज्या डोळ्यांनी बघलंय. परत इलो तेव्हा पंच्यात गुंडाळलेला कायतरी काखेत होता."

गावपळणीत वेस ओलांडून आत जायचं? आचऱ्यात जन्मलेला माणूस असं करत नाही. केलं, तर त्यामागे कारण तेवढंच मोठं असणार.

३

सत्यवानाचा टेम्पो पडवीच्या मुलांना शाळेत नेई-आणी. उरलेल्या वेळात तो जुन्या समया, पितळी डबे, पाट असलं काहीबाही गोळा करून मालवणात पर्यटकांच्या दुकानांना विकायचा. चंपाराणीची किंमत त्याने एकदा विश्रामआजोबांनाच विचारली होती. आजोबांनी छत्री घेऊन त्याला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवलं होतं.

आता तो टेम्पोखाली आडवा होता. फक्त पाय दिसत होते.

"सत्यवानदादा, गावपळणीत तुम्ही गावात जाऊन आलात."

पाय आखडले. मग सबंध सत्यवान हळूहळू बाहेर आला. "कोण म्हणता?"

"पंच्यात काय होतं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कोणाक सांगशात नाय?"

"आधी काय होतं ते सांगा."

"दात."

"काय?"

"आवशीचे दात," सत्यवान कुजबुजला. "दसऱ्याक नवे करून घेतल्यान. निघूच्या घाईत वाटयेत पाणी घालून ठेवलेले, ते घराक रवले. थंय काजूत माज्याच कोंबडीची सागोती शिजता आणि आवस म्हणता, मी काय वास घेवन पोट भरू? दोन दीस माका आयकवीत होती. माका वाटला, देव माफ करतलो. आवस करूची नाय."

शर्मिष्ठाने ओठ दाबून धरले. समोरच्या घरापुढच्या खळ्यात सत्यवानाची आई सुपारी कातरत बसली होती. तिने दोघांकडे बघून असं प्रशस्त हसून दाखवलं, की साक्षीपुराव्याची गरजच उरली नाही.

"जीव नाय त्यांच्यात," सत्यवान अजून स्वतःची समजूत घालत होता. "जीव आसलेला काय रवला असता, तर गोष्ट येगळी. दात म्हणजे काय जीव न्हय."

"नव्हेच."

"आणि ताई, माज्यावर संशय घेवचो तर घ्या. धंदोच तसो आसा माजो. पण येक सांगा. जो वस्तू विकूक नेता, तो मागे नारळ ठेवन जायत? मी असतंय तर बोचक्यात धोंडो भरलंय असतंय. धोंडो फुकट मिळता."

शर्मिष्ठा त्याच्याकडे बघत राहिली. आपण इतका वेळ भलत्याच ठिकाणी शोधत होतो, हे तिच्या लक्षात आलं. गेलं काय, हे सगळे विचारत होते. ठेवलं काय, हे कुणीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात शर्मिला धापा टाकत आली, काखेत अजून भुरी मांजर.

"ताई, लवकर चला. दीपिकाताई पिशवी भरून सरांच्या खोलीत गेलीय."

४

सरांच्या टेबलावर किल्ली होती, काळ्या दोऱ्यासकट.

"माझ्या हातून गेली, सर," दीपिका सांगत होती. "आजोबांना तसंच सांगा. मी पिंगुळीला जात नाही. कुडाळला कुठेतरी काम बघेन."

"म्हणजे तू नेलीस?"

"माझ्या हातून गेली," ती पुन्हा तेच म्हणाली.

सर खुर्चीत बसले. रागावलेले कमी आणि हादरलेले जास्त दिसत होते. ही मुलगी त्यांनी वाढवली होती. तिच्या बारावीच्या निकालाचे पेढे त्यांनी स्वतः अर्ध्या गावाला वाटले होते.

शर्मिष्ठाने दीपिकाचा हात धरला आणि तिला मागच्या खळ्यात नेलं. अवनीला मातीत सोडलं.

"दीपिका, सकाळी बोचकं उलगडलंस ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. हरवल्यावर माणूस शोधायला लागतं. पेटारा उलटापालटा करतं. तू नुसती बसून राहिलीस. तुला त्या नारळाचा अर्थ कळला होता."

दीपिकाने मान खाली घातली.

"सांग ना गं."

"आजोबांच्या घरची रीत आहे," ती म्हणाली. "राशीतली बाहुली बाहेर काढली की तिची जागा मोकळी ठेवायची नाही. तिथे नारळ ठेवायचा, शेंडी वर करून, तिच्याच कापडात. म्हणजे बाकीच्यांना कळतं."

"काय कळतं?"

"की ती गेलेली नाही. येणार आहे. जागा तिचीच आहे."

शर्मिष्ठा तिच्या जवळ सरकली. "म्हणजे तू सरावाला बाहुली काढायचीस तेव्हा..."

"रोज ठेवायचे. मुलांसमोरच. त्यांना फार आवडायचं, नारळ ठेवायला भांडायची."

"मग ज्याने नेली, त्याने चोरायला नेलीच नाही. परत आणायच्या बोलीवर कुणी चोरी करत नाही."

"ताई," दीपिकाने तिचा दंड धरला. "नाव शोधू नका. सर काय म्हणाले ऐकलंत ना? जागा नाही म्हणाले. मी अशीही जाणारच आहे. माझं काय, मी मोठी आहे. पण आतल्या एखाद्या लहानग्याची जागा गेली, तर त्याने कुठे जायचं?"

"आणि तुझी पिंगुळीची जागा?"

दीपिका हसायला गेली, ते काही नीट जमलं नाही.

घड्याळात चार वाजून गेले होते. आजोबांची एसटी पाचनंतर केव्हाही आली असती.

५

जगबुडी आली तरी दोन वर्षांच्या बाळाला भूक लागते. शर्मिष्ठाने ताटलीत मऊ भात कालवला आणि अवनीपुढे बसली. अवनीने तोंड घट्ट मिटलं.

"आता काय झालं, बाय?"

अवनी उठली, दुडुदुडु जाऊन आपली चिंधीची ठकी घेऊन आली, तिला शेजारी बसवलं, आणि ताटलीकडे बोट दाखवलं. आधी ठकीला. ठकीच्या ओठांना भाताचं शीत लागल्यावरच तिने स्वतःचं तोंड उघडलं. मग ठकीला आडवी केली, तिच्या डोक्यावर हात थोपटला. "जोजो."

शर्मिष्ठाचा घास हवेत राहिला.

जोजो. काजूखालच्या त्या टोपलीकडे बघून अवनी हेच म्हणत होती. कोंबडीला ती "कोको" म्हणते, मांजराला "म्याऊ". जोजो फक्त बाहुली करते. आणि रिकाम्या टोपलीवर दगड कोण ठेवेल? दगड ठेवतात तो आतला जीव बाहेर पडू नये म्हणून, किंवा त्याला कुणी त्रास देऊ नये म्हणून.

पेजेची करवंटी. मांजरं बंद होती, आणि तरी कुणालातरी रोज सकाळी भरवलं जात होतं.

जिवंत असं काही मागे ठेवायचं नाही. दातात जीव नसतो, असं सत्यवान म्हणाला. पण चंपाराणीत? मुलांच्या पहिल्याच धड्याला विश्रामआजोबा काय म्हणाले होते, ते तिला आठवलं. "ही लाकूड न्हय. हिच्यात जीव आसा. उचलूच्या आधी इचारा, आणि एकटी सोडू नकात."

ती ताटली तशीच ठेवून सरांच्या खोलीकडे धावली, अवनी काखेत, ठकी अवनीच्या काखेत.

"सर, गावपळणीत रियाला कोणता जीव दिला होता?"

"रियाला?" सरांनी आठवून पाहिलं. "ती नवी. तिच्यापर्यंत येईतो जीव संपले होते. घाई होती, टेम्पो उभा होता. मी म्हटलं, बाळ, गावात जिवंत कुणी मागे राहता कामा नये. तू बघ, कुणी राहिलंय का, आणि घेऊन ये."

"आणि आज वेशीवर तिचं नाव घेतलंत?"

सरांनी चष्मा काढला. "जोडीने नावं घेत होतो. तिच्याकडे जीवच नव्हता, म्हणून..."

"होता, सर."

पडवीत येण्यापूर्वी रिया काकांकडे राहायची. काकांनी बिऱ्हाड हलवलं, तेव्हा टेम्पोत तिच्यापुरती जागा उरली नव्हती. उद्या येऊन नेतो म्हणाले. ती पायरीवर बसून राहिली, शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत. अशा मुलीला कुणी सांगितलं, की मागे कुणी राहिलंय का बघ, तर ती काय काय बघेल, हे शर्मिष्ठाला आत्ता दिसत होतं. भरलेलं घर रिकामं होतंय, पोपटसुद्धा निघालाय, आणि कोपऱ्यात एक पेटारा.

सुशीलामावशी दारात आली. हातात डाव तसाच.

"रिया खंय आसा? खेळाक तयार करूची म्हणान हाक मारतंय, तर घरात नाय. आणि पेजेची करवंटी पण नाय."

६

सत्यवानाच्या टेम्पोत सर, दीपिका, मावशी, शर्मिष्ठा, अवनी आणि नको नको म्हणताना चढलेली सगळी पोरं. वाटेत शर्मिष्ठाने सगळी गोष्ट सरांना सांगितली. सर फक्त एकदा म्हणाले, "जरा भरधाव घे रे, सत्यवान."

काजूच्या बागेत ऊन तिरपं झालं होतं. रिया टोपलीपुढे उकिडवी बसली होती. टोपली सरळ केलेली, आत फणसाची पानं अंथरलेली, पानांवर चंपाराणी. ओठांच्या लाल रंगाला पेजेचं शीत चिकटलेलं. दोऱ्यांची गुंडाळी मात्र नीट, दीपिका करायची तशीच.

एवढी सगळी माणसं बघून रिया उठली नाही. तिने टोपलीवर हात आडवा धरला.

शर्मिष्ठा तिच्याजवळ मातीत बसली. "जेवली का गं ही?"

"थोडी जेवली."

"आणि सकाळी आत का नाही आणलीस?"

रियाने सरांकडे एकदा बघून घेतलं. "हिका बोलावल्यानी नाय. सगळ्यांका बोलावल्यानी. मोतीक, भुरीक, पोपटाक. हिका कोणी बोलावक नाय."

"पण तू आलीस ना?"

"मावशीन ओढून आणल्यान." ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "माका पण बोलावक नाय."

मावशीने पदर तोंडाला लावला. इथे कांदाही नव्हता.

सर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि ताठ चालत वेशीवर जाऊन उभे राहिले, सकाळी होते तिथेच. पोरांना न सांगताच कळलं. ती पटापट दोन्ही बाजूंना रांगा करून उभी राहिली.

तेवढ्यात मागून एसटीचा हॉर्न वाजला. रस्ता अडलेला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, आणि दारातून छत्री टेकत विश्रामआजोबा उतरले.

"काय रे, गावपळण संपली नाय अजून?"

"एक जोडी राहिलीय, आजोबा," सर म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. सकाळपेक्षाही मोठा, साऱ्या बागेत घुमेल असा आवाज लावला.

"रिया, आणि तिचा जीव चंपाराणी. आत या."

रिया उठली. तिने चंपाराणीला उचलण्याआधी वाकून तिच्या कानात काहीतरी विचारलं. होकार मिळाला असावा. मग तिला छातीशी धरून, मान वर करून, ती रांगांच्या मधून चालत वेस ओलांडून आली. एसटीतल्या लोकांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने आणखी एकदा हॉर्न वाजवला, तो बहुतेक कौतुकाचा.

आजोबांना सगळं सांगायला दीपिकाच पुढे झाली. त्यांनी मधे फक्त एक प्रश्न विचारला.

"नारळ ठेवल्यान म्हणतंस, तर शेंडी खंयच्या बाजूक होती?"

"वर, आजोबा."

"कापाड?"

"तिचंच. लाल."

आजोबा रियाकडे बघत राहिले. "माज्या नातवाक इतकी वर्सा सांगतंय, तो अजून शेंडी आडवी करता. मगे ही चोरी कशी गो? ही तर सांगान गेली आणि परत इली." त्यांनी चंपाराणीच्या ओठावरचं शीत बोटाने टिपलं. "दीपिका, तयारी कर. ज्या पोरीन हिका ह्या शिकवल्यान, तिका मी घेतल्याशिवाय जावचंय नाय."

"आणि सर," सत्यवान टेम्पोला टेकून म्हणाला, "ज्यान ह्या केल्यान तेका घरात जागा नाय म्हणालेलास. घेवन ये म्हणान सांगितल्यात तुमीच. मगे तुमची वळकटी बांधूक घेव काय?"

"बांध," सर म्हणाले. "पण मला सोडायला तुझाच टेम्पो लागेल, आणि जाताना तुझ्या आईच्या दातांविषयी बोलू आपण."

सत्यवान मुकाट्याने टेम्पोत जाऊन बसला.

त्या संध्याकाळी पडवीत खेळ रंगला. चंपाराणी नाचली, राजा तिच्या पाया पडला, विनीतच्या हातून सेनापती दोनदा राजाच्या अंगावर पडला. अवनीने ठकीला मांडीवर घेऊन सगळा खेळ दाखवला. सरांनी पुढच्या गावपळणीसाठी योजनेत दुरुस्ती जाहीर केली. आता आधी मुलांची नावं घ्यायची, जीव नंतर.

सकाळच्या एसटीने दीपिका गेली. मावशीने डबा दिला, लोणचं दिलं, कोकमं दिली, वर ओरडली, "पिशवी इतकी जड कित्या केलंस?" एसटी वळणाआड गेल्यावर ती तरातरा स्वयंपाकघरात शिरली आणि लगेच बाहेर आली.

"शर्मिष्ठा, परत येक नारळ कमी."

"कुठल्या नारळांतला?"

"शेंडी राखलेल्या."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग मुलींच्या खोलीकडे गेल्या. दीपिकाच्या गादीवर तिची जुनी फुलाफुलांची चादर गळ्यापर्यंत पांघरून नारळ निजला होता. शेंडी वर.

मावशीने हात पुढे केला. मग तो तिथेच थांबला, आणि तिने चादर जराशी वर ओढली.

त्या दिवशी पडवीत आमटी नारळाशिवाय झाली. आचऱ्यात असं होत नाही. पण जेवताना कुणी एका शब्दाने काही म्हटलं नाही, आणि रियाने दोनदा मागून घेतली.